गाव फळीच्या बाहेर

नांदेडला मुलाच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत माझं एक रेल्वे स्टेशन आहे. लांबी आठ फूट, रुंदी दोन फूट. नाव 'उंबरझरी रोड'. या नावाचं स्टेशन कुठल्याही वेळापत्रकात नव्हतं, ते मी ठेवलेलं आहे. दुष्काळी मुलखातल्या गावाच्या नावात झरी असावी, एवढाच त्यातला खोडसाळपणा. बाकी सगळं मात्र बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज रेल्वेचं आहे, निदान व्हावं म्हणून पाच वर्षं झटतो आहे.

नातवाला वाटतं आजोबा खेळतात. सूनबाईंना वाटतं गच्चीवर कचरा साठतो. मी तीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला. पुठ्ठा, खळ, कात्री यांची सवय हाताला आहे. रिटायर झाल्यावर लातूर सोडून इथं आलो आणि पहिल्या उन्हाळ्यात लक्षात आलं, की नांदेडच्या घरात मला लातूरचं काही ऐकू येत नाही. तिथून हे सुरू झालं.

लोक विचारतात, खऱ्या स्टेशनची प्रतिकृती का नाही केली? हरंगूळ करायचं, ढोकी करायचं. उत्तर गणितात आहे. माझं प्रमाण एकास सत्याऐंशी, म्हणजे परदेशात ज्याला एचओ म्हणतात ते. माझी फळी साधारण २.४ मीटर. तिला ८७ने गुणलं की झाले २०९ मीटर. एवढ्या जागेत एखाद्या बारक्या स्टेशनचेसुद्धा दोन्ही टोकांचे सांधे मावत नाहीत. खरं ढोकी बसवायचं तर निम्मं कापावं लागेल, आणि निम्मं ढोकी बसवलं तर ज्यांनी पूर्ण ढोकी पाहिलंय ते मला जगू देणार नाहीत. काल्पनिक स्टेशनात हा एक फायदा असतो. चूक दाखवायला येणारा माणूस दारातूनच परत जातो.

ही युक्ती माझी नाही. इंग्लंडात जॉन अहर्न नावाच्या गृहस्थांनी अशीच एक मनातली 'मॅडर व्हॅली' रेल्वे घरात उभी केली, ती आज तिथल्या पेंडन संग्रहालयात जपलेली आहे. आपल्याकडे आर. के. नारायण यांनी मालगुडी गाव कागदावर बांधलं, आणि पुढं गंमत अशी झाली की त्यावरच्या मालिकेच्या चित्रीकरणासाठी शिमोगा जिल्ह्यातलं अरसाळू हे खरं स्टेशन मालगुडी झालं. आता तिथं मालगुडीच्या नावाचं संग्रहालयच आहे. मराठी माणसाला या छंदाचं तोंड दाखवलं ते पुण्याच्या भाऊ जोशी यांनी. कोथरूडला कर्वे रस्त्यावर त्यांचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ला सुरू झालं. शाळेची सहल घेऊन मी तिथं गेलो होतो. दिवे मालवले, छोट्या शहरात रात्र झाली, खिडक्या पेटल्या, सर्कशीच्या तंबूपाठीमागून गाडी गेली. पोरं गप्प झाली होती, ती लातूरपर्यंत गप्पच. मी मात्र परतीच्या एसटीत एकाच गोष्टीचा विचार करत होतो. या गावात कडब्याची गंजी कुठं ठेवता येईल?

मग 'रोड'. माझ्या सगळ्या खटाटोपाचं मूळ या दोन अक्षरांत आहे.

मुंबईचा माणूस 'रोड' म्हटलं की ग्रँट रोड समजतो, म्हणजे खरोखरचा रस्ता. आमच्याकडं स्टेशनच्या नावात रोड आला की ओळखायचं, गाव इथं नाही. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, कळंब रोड, औसा रोड, लातूर रोड. रेल्वेनं आपल्या सोयीनं रूळ टाकला आणि गावाला सांगितलं, की तुझ्याकडं येणारा रस्ता इथून फुटतो, पुढचं तू बघ. लातूर रोड लातूरपासून तीसेक किलोमीटरवर आहे. माझ्या लहानपणी नांदेडच्या आत्याकडं जायचं म्हणजे लातूरहून एसटीनं लातूर रोडला, तिथून ब्रॉडगेजनं परळी, परळीला मीटरगेजची गाडी धरून परभणी, आणि मग गोदावरी खोऱ्याच्या जुन्या निजामी लाइनीनं पूर्णा करत नांदेड. ती लाइनही मीटरगेजच. आणि ज्या लातुरातून निघायचं तिथं नॅरोगेज. एका आत्यासाठी तीन मापांचे रूळ आणि एक एसटी. मराठवाड्याचा इतिहास शाळेत मला कुणी शिकवला नाही, पण या प्रवासात निजाम आणि लंडनची कंपनी असे दोघेही भेटायचे.

या सगळ्या रोडांत आमच्या लाइनीचं मूळ असलेला रोड म्हणजे बार्शी रोड, आजची कुर्डुवाडी. ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेची मुंबई-सोलापूर गाडी तिथून जायची आणि बार्शी तिथून एकवीसेक मैल आत. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. सगळा माल बैलगाड्यांनी बार्शी रोडला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा तरुण इंग्रज १८८२मध्ये जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. त्याला ही गाड्यांची रांग दिसली. १८८७पासून तो सरकारच्या मागं लागला, १८९५मध्ये लंडनला कंपनी उभी केली आणि १८९७मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. म्हणजे ही रेल्वे ज्याच्या जागी आली तो शब्दशः 'रोड' होता.

कॅलथ्रॉपचं डोकं मला त्याच्या इंजिनाच्या आकड्यांत दिसतं. रुळांमधलं अंतर अडीच फूट. रूळ हलका, यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला पंधरा किलोच्या आसपास. आज मोठ्या लाइनीवर ६० किलोचा असतो. आता अशा काडीसारख्या रुळावर जड इंजिन घालायचं कसं? त्यानं नियमच करून टाकला, की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर ५ टनांच्या वर भार येता कामा नये. वजन वाढलं तर आस वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीनं केलेली पहिली पाच इंजिनं बारा चाकांची: आठ चाकं ओढणारी, चार मागं नुसती भार घेणारी. वाघिणींचे सांगाडे पोलादी पत्रा दाबून केलेले, म्हणजे स्वतःचं वजन कमी आणि मालाला जागा जास्त. आमच्या हमालांना हे तत्त्व ठाऊक असतं. पोतं तेवढंच, पण पाठीवर कुठं ठेवता यावर सगळं आहे.

हे इंग्लंडात आधी दाखवलं गेलं. लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरता रूळ टाकून, वळणं आणि चढ मुद्दाम अवघड ठेवून, बार्शीची गाडी तिथं फिरवली आणि मगच ती इकडं आली. पुढं याच माणसानं १९०४मध्ये स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. ती तीस वर्षांत बंद पडली, पण तिच्यावर तिकडचे छंदी लोक अजून जीव टाकतात, तिची इंजिनं घरोघर फळ्यांवर धावतात. थोरली बहीण बार्शी लाइट शंभर वर्षांवर धावली, तिला मात्र फळी मिळाली ती नांदेडच्या गच्चीवर. (कॅलथ्रॉप पुढं पॅराशूटच्या नादाला लागला. मित्र चार्ल्स रोल्स, मोटारवाले रोल्स, १९१०मध्ये विमान कोसळून गेले, ते याच्या जिव्हारी लागलं. त्याच्या छत्रीचं नाव 'गार्डियन एंजल'. अरबी घोड्यांवरही त्यानं पुस्तक लिहिलंय. असा माणूस बार्शीच्या बैलगाड्यांकडं बघत उभा होता, हे मला फार आवडतं.)

लाइन पुढं सरकत गेली. १९०६ला पंढरपूर, १९११ला बालाघाटाचा चढ चढून निजामाच्या हद्दीत लातूर, १९२७ला दुसऱ्या टोकाला मिरज. एकूण २०२ मैल. पंढरपूरमुळं वारकरी मिळाले आणि लातूरमुळं माल. लातूर आज जे आडतीचं आणि डाळीचं गाव आहे, गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या वाढीत या खेळण्यासारख्या गाडीचा हात मोठा. माझे वडील एका आडतीवर हिशेब लिहायचे. ते म्हणायचे, पाऊस पडला की शेतकरी आभाळाकडं बघतो आणि आडत्या वाघिणीकडं. कुर्डुवाडीला माप बदलायचं, म्हणून प्रत्येक पोतं छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत पाठीवरून जायचं. कॅलथ्रॉपला हे खुपत असणार. लीकच्या लाइनीवर त्यानं मोठ्या वाघिणीलाच छोट्या गाडीवर उचलून नेण्याची सोय केली. कुर्डुवाडीत हमालांच्या पाठी होत्या.

फळीवर कुठलं साल मांडायचं, यावर मी वर्षभर अडलो होतो. शेवटी १९५२ ठरवलं. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान खालसा झालं, आणि बार्शी लाइट सरकारनं ताब्यात घेतली ती १ जानेवारी १९५४ला. मधल्या पाच-सव्वापाच वर्षांत आमच्या भागात निजामाचं राज्य नव्हतं, पण गाडी मात्र लंडनात नोंदलेल्या कंपनीचीच होती. खिशात निजामाचा हाली सिक्का आणि हिंदुस्थानी कलदार दोन्ही, सात हालीला सहा कलदार असा ढोबळ हिशेब. हा असा सांध्यावर उभा असलेला काळ मला हवा होता. माझा जन्म १९५४चा. म्हणजे मी जे मांडतो आहे ते मी पाहिलेलंच नाही. त्यामुळं हात मोकळा राहतो आणि झोप उडते.

पाटीवरून झोप उडाली होती. १९५२ला पाटीवर उर्दू अजून असेल का? असली तर कुठल्या ओळीत? मी तीन पाट्या केल्या, तिन्ही डबीत आहेत. फळीवर सध्या पाटीची पाठ दिसते. स्टेशनकडं बघणाऱ्याला दोन खांब आणि मागचं लाकूड तेवढं दिसतं. हा पळपुटेपणा आहे, कबूल.

रुळाचं गणित मात्र नशिबानं जुळलं. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागिले ८७, झाले ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो, तो मुळात एन प्रमाणाच्या बारक्या गाड्यांसाठी असतो. पाव मिलिमीटरचा फरक, म्हणजे खऱ्यात २१ मिलिमीटर, करंगळीपेक्षा थोडा जास्त. चालतं. ज्यांना नांदेडची आजची ब्रॉडगेज करायची आहे त्यांची पंचाईत बघा: १६७६ मिलिमीटर, म्हणजे १९.२६ हवेत, आणि बाजारात मिळतो तो युरोपी मापाचा १६.५. त्यांची गाडी जन्मभर अंग चोरून उभी राहते. गरिबाच्या गाडीला परदेशी रूळ नेमका बसावा आणि श्रीमंताच्या गाडीला बसू नये, यात मला उगाच समाधान आहे.

इंजिन कुठं मिळत नाही. जपानी बनावटीचा ९ मिलिमीटरचा मोटरवाला सांगाडा मुलानं मागवून दिला, त्यावर प्लास्टिकच्या पत्र्याचं अंग मी चढवलं. बारा चाकांपैकी सहाच फिरतात, बाकीची कड्यांच्या मागं लपलेली. धुराडं बॉलपेनच्या टोपणाचं.

पहिली फळी वाया गेली ती थर्माकोलपायी. रुळाखाली थर्माकोल घालून तो चपला चिकटवायच्या गोंदानं चिकटवला. सकाळी पाहिलं तर गोंदानं थर्माकोल खाऊन टाकलेला, स्टेशन मास्तरांच्या खोलीखाली खड्डा आणि इमारत एका कोपऱ्यावर कललेली. तीस वर्षं पोरांना गोंद शिकवलेला मी. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, भूकंप झाला का?" त्यांच्या ध्यानात आलं नाही, पण मी खाली बसलो.

कारण फळीच्या एका कडेला मी दोन माळवदाची घरं ठेवली होती. गाव बाहेर असलं तरी स्टेशनजवळ हमालांची, चहावाल्याची एकदोन घरं असायची. आमच्याकडचं माळवद म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाचा पटाव आणि त्यावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, वर सांडगे, कुरड्या. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीला जमीन हलली, आणि तीच माती, तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. मी मदतीला गेलो होतो. त्याबद्दल इथं लिहीत नाही. पुठ्ठ्याचं माळवद करताना मात्र छत किती जाड दाखवायचं हे ठरवायला मला महिना लागला. प्रमाणात काढलं तर पाच मिलिमीटर येतं. एवढ्याशा घरावर ते फार दिसतं. तसंच ठेवलंय.

मातीचीही एक कथा आहे. लातूरहून काळी माती आणली, पीठचाळणीनं चाळली, फेविकॉलच्या पाण्यात कालवून पसरली. वाळल्यावर भेगा पडल्या. मी खूश. म्हटलं, काळ्या रानाला मे महिन्यात पडतात तशाच! मग मोजलं. तीन मिलिमीटरची भेग खऱ्यात २६ सेंटिमीटर. तिच्यात माझा पुठ्ठ्याचा पोर्टर मांडीपर्यंत गेला असता. खरी माती खरेपणाला उपयोगी पडत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता चहाचा चोथा वाळवून, दळून वापरतो. बाभळी तांब्याच्या तारेच्या, कडबा नारळाच्या काथ्याचा, कुंपण तुराट्यांच्या बारीक सालीचं. रुळाखालचे शिलीपाट तेवढे विकतच्या रुळाबरोबर आलेले आहेत आणि ते फार सरळ आहेत.

बार्शी लाइटची म्हणून जी चेष्टा सांगतात, की गाडी चालू असताना उतरावं, आडोशाला जाऊन यावं आणि परत चढावं, ती मी पाच वेगवेगळ्या छोट्या गाड्यांबद्दल ऐकलेली आहे. त्यामुळं तिच्यावर माझा विश्वास नाही. चढावर ती दमायची हे खरं. आईचं माहेर ढोकीकडं, येडशीच्या बाजूनं येताना इंजिनाचा श्वास मोजत आम्ही झोपी जायचो.

२००१ ते २०१० या काळात एकेक टप्पा ब्रॉडगेज होत गेला. लातूर-कुर्डुवाडीचं काम २००८ला पुरं झालं. नवी लाइन वळवून उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला नेली. जुनी गाडी त्या जिल्ह्याच्या गावाला कधी शिवलीच नव्हती. लातूरचं गावातलं जुनं स्टेशन गेलं, नवं बाहेर झालं. हरंगुळला तर आता डब्यांचा कारखाना आहे, २०२०च्या नाताळात तिथं पहिला सांगाडा तयार झाला. चांगलं झालं. मी रडगाणं गाणाऱ्यांतला नाही. १२ एप्रिल २०१६च्या पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी लातूरला आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर, तेव्हा ती ज्या वाटेनं आली ती कॅलथ्रॉपचीच वाट होती: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. रूळ रुंद झाला नसता तर त्या टाक्या कुर्डुवाडीला थांबल्या असत्या, आणि पाणी काही हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत जात नाही. नातू मला म्हणतो, तुमच्या गाडीला त्या टाक्या लावा. त्याला सांगितलं, बाळा, १९५२ आहे अजून.

गेल्या दिवाळीत आक्का आली. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, म्हणजे १९५२ तिनं पाहिलेलं, आईच्या कडेवरून आणि पायानंही. गुडघे धरत गच्चीवर चढली. मी गाडी चालवली. ती बराच वेळ फळीच्या कडेशी, जिथं माझा धुळीचा रस्ता संपतो तिथं बघत होती.

"गाव कुठं हाय रं?"

"बाहेर. रोड आहे ना ते. गाव चार मैल आत."

"मग गाडी कुठं हाय?"

"ही काय."

"ही न्हवं. बैलगाडी. मामा न्यायला यायचा की स्टेशनावर. चार मैल काय आईनं आम्हाला घिऊन चालत जायचं व्हय?"

मी गप्प. कॅलथ्रॉपनं पाहिलेल्या गाड्या, तेरच्या गाड्या, सगळ्या मला पाठ आहेत. ढोकीजवळचं तेर म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकात लिहिलंय की तिथला माल गाड्यांवर घालून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. एवढं वाचलं, पण फळीवर एक बैलगाडी ठेवायचं सुचलं नाही. 'रोड' लिहिलं आणि रस्ता रिकामा ठेवला.

आता गाडी करतो आहे. पाच फुटी चाक, म्हणजे साडेसतरा मिलिमीटर. बैलांची शिंगं रंगाच्या ब्रशच्या केसांची. आऱ्यांवरून अडलं आहे. बारा घ्यायचे की सोळा, हे आक्काला फोन करून विचारलं, तर म्हणाली, मामाच्या गाडीचे मोजले नव्हते, पण एक मोडका होता, त्या जागी बाभळीचं लाकूड ठोकलेलं, तेवढं ध्यानात ठेव.